पाहुण्यांचा रस्ता

नैरोबी
१२ मार्च १९९६

वहिनीस नमस्कार.

आधी बातमी सांगतो, मग तब्येत विचारतो. आमच्या संस्थेने यंदा आपलं म्वालोनी निवडलं. ऑगस्टमध्ये परदेशातून सहा तरुण मुलंमुली येतील आणि तीन आठवडे गावातच राहतील. हॉटेल नाही, तंबू नाही, लोकांच्या घरात. तुमच्याबरोबर जेवतील आणि नदीत आडवा बांध घालायला हात लावतील. दादा दरवर्षी ज्याचं बोलायचा तोच बांध. पुराबरोबर येणारी वाळू अडेल, वाळूच्या पोटात पाणी राहील, आणि कोरड्या महिन्यांत झिरे आटणार नाहीत.

घरं तू निवड. गावकामाला, म्वेथ्याला, हाक तूच देतेस, बायका तुझंच ऐकतात. सोबत प्रश्नांचा कागद आहे. प्रत्येक घरासाठी भरून पाठव. ‘घरात पाळीव प्राणी आहेत का’ हा प्रश्न शेळीबद्दल नाही, कुत्र्यामांजराबद्दल आहे. एक मुलगी मांस खात नाही. एकाला शेंगदाणे चालत नाहीत, खाल्ले तर घसा सुजतो. तुझ्या घरी मारेन नावाची डेन्मार्कची मुलगी द्यायचं मनात आहे. ती पुस्तकं वाचते असं तिने लिहिलंय, म्हणून.

आता एकच अडचण. ऑफिसचा नियम असा की गाडी थेट घरांपर्यंत गेली पाहिजे, कोणी आजारी पडलं तर न्यायला. म्हणजे उंबराजवळचा चर बुजवावा लागेल. तीन आठवड्यांपुरताच. नंतर हवा तर पुन्हा खणू.

लगेच लिही. साहेब विचारतायत.

तुझा
कियोको

*

म्वालोनी
२ एप्रिल १९९६

कियोकोस आशीर्वाद.

तुझं पत्र बसवाल्याने दुकानात दिलं आणि दुकानदाराने ते माझ्याआधी अर्ध्या गावाला सांगितलं. मी घरी येऊन दोनदा वाचलं. तू शाळेतून आल्यावर माझ्या चुलीपाशी बसून मोठ्याने धडे वाचायचास, त्यातूनच मी अक्षरं उचलली. आता तुझं अक्षर माझ्यापेक्षा वाईट झालंय.

घरं मिळाली. न्दुंगे दोघांना घेते. वायुआ दोघींना. स्योकाऊ म्हातारी म्हणते मलाही एक द्या, फार खाणारा नको. मांस न खाणाऱ्या मुलीचं तिला सांगितलं तर म्हणाली, “बिचारी गरिबाघरची असेल, तिला माझ्याकडेच पाठवा, मला सवय आहे.” कागद भरून पाठवते. प्राण्यांच्या प्रश्नाला मी शेळीच लिहिलीय, कारण ती आतच झोपते आणि पाहुणीला ते दिसणारच आहे.

मारेनला तुझ्या दादाची बाजेची बाजू देईन. मी अजून भिंतीकडेच झोपते. ती बाजू रिकामी राहते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

चर बुजवणार नाही.

तू शहरात गेलास तेव्हा चर नव्हता, म्हणून लिहिते. शेजारच्या कियूनी गावच्या लोकांनी वाळूच्या ट्रकांना वाट दिली. दोन कोरडे मोसम ट्रक नदीत उतरले, आणि नदी खडकापर्यंत खरवडली गेली. आता तिथे पूर येतो तो दुपारी येतो आणि संध्याकाळी निघून जातो, धरून ठेवायला काही नाही. त्या बायका आज हंडे घेऊन आपल्या वाळूत पाणी भरायला येतात. त्या वर्षी तुझ्या दादाने म्वेथ्या बोलावून उंबरापाशी रस्त्यात आडवा चर खणला, पलीकडे काटेरी फांद्या रचल्या. माणूस उडी मारून जातो, गाढव फळीवरून जातं, ट्रक जात नाही. आपलं पाणी त्या चरावर उभं आहे.

पाहुण्यांना बाजारापासून चालत आणू. सामान गाढवांवर. आजारी पडलं तर आम्ही बाळंतिणींना नेतो तसं खाटेवरून नेऊ, अजून तरी वाटेत कोणाला टाकलेलं नाही.

पाऊस सुरू झालाय. मका लावला. तुझ्या बायकोला सांग, अंगावर पाजतेय तोवर चहा कमी कर.

वहिनी म्वेलू

*

नैरोबी
२० एप्रिल १९९६

वहिनीस नमस्कार.

कागद मिळाले. साहेब शेळीवर खूप हसले. खाटेचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

वहिनी, मी रागाने लिहीत नाही. पण गाडी आली नाही तर म्वालोनीचं नाव कटेल. आणखी चार गावं रांगेत आहेत, आणि त्यांना रस्ते आहेत. हे काम मी मागून घेतलं, ते फसलं तर मला इथे कोण ठेवील?

आणखी एक बोलतो, वाईट मानू नकोस. दादा गेल्यापासून तो चर म्हणजे तुझ्यासाठी त्याची शेवटची वस्तू झाली आहे. मला कळतं ते. पण दादाला चर नको होता, बांध हवा होता. चर बुजवून बांध होत असेल तर तो स्वतः पहिलं फावडं मारील.

मुइंडेंना मी इथे भेटलो. हो, तेच, वाळूचे ट्रक असलेले. ते आता बरेच बदललेत, चर्चला छपराचे पत्रे दिले त्यांनी. बांधाचं सिमेंट ते फुकट देतो म्हणतात. तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत होतं, म्हणून मी तोंडावर विचारलं. ते हसले. म्हणाले, चराच्या जागी लोखंडी फाटक लावू, कुलूप घालू, किल्ली तुमच्या वहिनींच्या गळ्यात. त्यांनी उघडलं तर उघडेल.

आता तरी हो म्हण. तुझी त्यांनी आपुलकीने चौकशी केली. एकटी राहते का, नदीवर कधी जाते, सगळं विचारत होते.

कियोको

*

म्वालोनी
१६ मे १९९६

कियोकोस आशीर्वाद.

मी नदीवर कधी जाते हे मुइंडेला कशाला हवं? तू काय सांगितलंस ते लिही.

तुझं पत्र मी बायकांना उंबराखाली वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. आपुलकीचं गाळलं.

न्दुंगे म्हणाली, “पाहुणे चरावरून उड्या मारत घरी आले तर विचारतील, या बायका कोणाशी भांडतायत?”

मी म्हटलं, “तर सांगू, मुइंडेशी.”

“तो सिमेंट देतोय.”

“बोकडाला मीठ देतात ते काय प्रेमाने?”

त्यावर वायुआ हसली, पण न्दुंगे नाही. तिने आपली पाहुण्यांची खोली आतून पांढऱ्या मातीने सारवलीसुद्धा. ती म्हणाली, “म्वेलू, तुझ्या आईने शिकवलं नाही का? पाहुणा यायच्या आधी दारापासून वाट झाडतात. पाहुण्याच्या पायात काटा मोडला तर लाज घराची. आणि तू तर काट्याचं कुंपणच घालून बसलीस.”

आईने हेच शिकवलं होतं.

स्योकाऊ शेवटी बोलली. “मला दात नाहीत, नवरा नाही, आता फार दिवसही नाहीत. बांध बघायचाय. बघायला दात लागत नाहीत.”

तुला आपली रीत माहीत आहे. ज्याच्या हाताने चर खणायला सुरुवात झाली, त्याच्याच घरच्या हाताने बुजवायला सुरुवात होते, नाहीतर कोणी मातीला हात लावत नाही. सगळ्या टोपल्या भरून उभ्या राहिल्या. कोणी मला ढकललं नाही. नुसत्या उभ्या होत्या, कपाळावर टोपल्यांचे पट्टे, पाठीवर माती. सावली उंबराच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली. मग मी पहिली टोपली टाकली. त्यांनी गाणं म्हटलं. काम लवकर झालं, माती भरायला खणण्याएवढा वेळ लागत नाही.

फाटक बसलं. किल्ली गळ्यात आहे. सुरक्षित वाटायला हवं, तसं वाटत नाही.

एक बारीकशी गोष्ट. सोमवारी सकाळी दार उघडलं तर उंबरठ्यावर वाळूचा ढीग होता, पाटीभर. मुलांचा खेळ असेल. पण वाळू ओली होती, आणि नदी इथून किती लांब ते तुला माहीत आहे. मी झाडूने लोटून टाकली.

वहिनी म्वेलू

*

नैरोबी
८ जून १९९६

वहिनीस नमस्कार.

मला माहीत होतं तू ऐकशील. ऑफिसात मी फाटकाचा फोटो दाखवला, सगळे खूश. पाहुण्यांना आणायला बसही मिळाली, भाडं न देता. माणसं चांगली असतात, वहिनी, आपण त्यांना संधी द्यायला हवी.

मुलं कोणाकडे कोण, ती वाटणी ठरली आहे. मारेन तुझ्याकडे नक्की. तिने विचारलंय, येताना काय आणू? मी म्हटलं, पुस्तक. प्यायचं पाणी मात्र उकळून ठेवावं लागेल, दर माणशी रोज दोन हंडे धर, त्यांना आंघोळीची फार सवय असते. जुलैच्या शेवटी ऑफिसातून एक बाई घरं बघायला येतील.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मुइंडेंना मी एवढंच सांगितलं की वहिनी पहाटे झिऱ्यावर जाते, ऊन चढायच्या आत. त्यात काय लपवायचं? आणि वाळूचा ढीग पोरांचाच. मी लहानपणी तुझ्या पिठात बेडूक ठेवला होता ते विसरलीस?

कुलूप चांगलं जड आहे ना? मुइंडेंनी स्वतः जाऊन आणलं.

कियोको

*

म्वालोनी
३० जून १९९६

कियोकोस आशीर्वाद.

कुलूप जड आहे. त्याला किल्ल्या दोन आहेत. एक माझ्या गळ्यात.

पहिला ट्रक भर दुपारी आला, सिमेंट घेऊन. ड्रायव्हर चांगला बोलला, मला आई म्हणाला. मी किल्ली काढेपर्यंत त्याने खिशातल्या किल्लीने फाटक उघडलं होतं. सिमेंट शाळेत उतरवलं, आणि जाताना ट्रक रिकामा गेला नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. भरलेल्या वाळूतून पाणी गळत होतं. नदीपासून फाटकापर्यंत धुळीत एक ओली रेघ उमटली, आणि गावातली कुत्री ती चाटत मागून चालली.

त्या दिवसापासून रोज येतात. लपूनछपून नाही. मला नमस्कार करतात.

मी चौकात विचारलं, हे काय? मुइंडेचा माणूस म्हणाला, बांधाच्या पायासाठी नदी मोकळी करतोय. मी म्हटलं, बांध वाळू धरायला घालतात आणि तुम्ही आधी वाळूच नेता, मग बांध काय धरील, वारा? त्याच्याभोवतीचे लोक हसले नाहीत. आपलीच माणसं होती. न्दुंगेचा नवरा ट्रक भरायला जातो, वायुआचे दोन्ही दीर जातात. घरी साखर येते. मी म्वेथ्याची हाक दिली तर चौघी आल्या, आणि त्याही मागे बघत बघत.

झिरा आता माझ्या गळ्याइतका खोल झालाय. गेल्या वर्षी याच दिवसांत कमरेइतका होता. न्दुंगेच्या झिऱ्याचं पाणी मचूळ लागतं, ती त्यात जास्त पत्ती घालून चहा देते आणि माझ्याकडे बघत नाही.

एक गोष्ट मी तुला कधी लिहिली नाही, लिहून काय होणार म्हणून. आता लिहिते. तुझा दादा झिरा कसा खणायचा ते आठव. ताटलीसारखा, चारी बाजूंनी उतार. ओली वाळू उभी राहत नाही, असं तो लहान पोरांनाही सांगायचा. ओल्या कडेकडे पाठ करून तो जन्मात कधी उभा राहिला नाही. आणि त्याला आम्ही ज्या खड्ड्यातून काढलं, त्याच्या कडा घराच्या भिंतीसारख्या उभ्या होत्या. असे खड्डे ट्रकवाले पाडतात, फावडी घेऊन वरून खाली. लोक म्हणाले, कड कोसळली. कोसळली असेल. पण तो त्या कडेखाली आपल्या पायांनी गेला नाही. चर खणून तेव्हा एक पावसाळाही झाला नव्हता.

काल उंबरठ्यावर पुन्हा वाळू होती. या वेळी ढीग नव्हता. माणसाच्या लांबीची रास होती, डोक्याशी एक काठी रोवलेली.

तू ये. पाहुण्यांचं नंतर बघू. तू ये.

वहिनी म्वेलू

*

नैरोबी
१२ जुलै १९९६

वहिनी,

पत्र वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण दादाबद्दल असं काही लिहू नकोस, पत्रं दुकानातून जातात.

मी मुइंडेंना विचारलं. ते म्हणाले, वाळू थोडीच नेतोय, पावसात परत भरेल. मला आणखी काही विचारता आलं नाही. ज्या बसचं तुला लिहिलं ती त्यांचीच आहे. मी तुला सांगितलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. ऑफिसातही मी तिचं भाडं दिल्याचंच सांगितलंय.

फक्त ऑगस्ट पार पडू दे. मुलं आली, फोटो निघाले की त्यांच्यासमोर ट्रक आणायची कोणाची हिंमत होणार नाही. मग मी स्वतः येऊन चर खणीन. तपासणीच्या बाई या महिन्याच्या शेवटी येतील. त्यांच्यापुढे ट्रकांचा विषय काढू नकोस. एवढं माझ्यासाठी कर.

आणि पहाटे एकटी नदीवर जाऊ नकोस.

कियोको

*

म्वालोनी
२९ जुलै १९९६

कियोकोस आशीर्वाद.

बाई येऊन गेल्या. बाई चांगल्या आहेत, पायात धड बूट होते.

सगळी घरं पाहिली. न्दुंगेने भिंतीवर पांढऱ्या मातीने फुलं काढलीत. वायुआने दोन नव्या मच्छरदाण्या टांगल्यात, आणि कोणी हात लावू नये म्हणून स्वतः बाहेर डासांत झोपते. स्योकाऊने बाईंना विचारलं, “ती भाजी खाणारी मुलगी अजून जिवंत आहे ना?” बाई हसल्या, तिच्या गादीवर बसून पाहिलं, ठीक आहे म्हणाल्या. माझी शेळी त्यांच्या कागदावर होती, तिलाही पाहिलं.

मग विचारलं, पाणी कुठून आणता?

तू सांगितलंस म्हणून ट्रकांबद्दल मी काही बोलले नाही. त्यांना घेऊन गेले. नदीत तेव्हा दोन ट्रक उभे होते, माणसं भरत होती. बाईंनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी हंडा घेऊन झिऱ्यात उतरले. आता शिडी लागते. वाटीने पाणी भरायचं, थांबायचं, पुन्हा झिरपलं की पुन्हा भरायचं. बाई वरून बघत होत्या. पहिल्यांदा घड्याळ बघत होत्या, मग ते सोडून वाळूवर खाली बसल्या. हंडा भरला नाही. मी अर्धाच घेऊन शिडी चढायला लागले.

“हे असंच असतं का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

शिडीवरून वर येताना खांद्याला कड लागली आणि पाटीभर वाळू आत सांडली. बाईंनी माझा दंड धरला. ट्रकवाल्यांनी काम थांबवलं होतं आणि सगळे आमच्याकडे बघत होते.

वहिनी म्वेलू

*

नैरोबी
५ ऑगस्ट १९९६

वहिनी,

कसं लिहू कळत नाही. मुलं म्वालोनीला येणार नाहीत. बाईंनी लिहिलं, तिथे गावाला प्यायला पाणी पुरत नाही, पाहुणे ठेवणं योग्य नाही. त्यांना दुसऱ्या गावी नेतायत. बसचं खोटंही उघडं पडलं. मला उद्यापासून ऑफिसात यायचं नाही असं सांगितलंय.

रस्ता पाहुण्यांसाठी केला, आणि रस्त्यामुळेच पाहुणे गेले. मी हे वाक्य दिवसभर मनात म्हणतोय.

मी मुइंडेंकडे गेलो. म्हटलं, आता मुलं येत नाहीत, ट्रक थांबवा. त्यांनी मला चहा दिला. म्हणाले, रस्ता आता झालाय, रस्त्याला काय माहीत कोण येतं आणि कोण येत नाही. मी उठलो तेव्हा दारापर्यंत सोडायला आले. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “वहिनींना सांगा, नदीवर जपून. यंदा कडा फार सैल आहेत.”

मी म्हटलं, सांगतो. आभारही मानले. घरी येताना बसमध्ये बसलो, आणि मग मला समजलं त्यांनी काय सांगितलं. पहाटेचं त्यांना मीच सांगितलंय, वहिनी.

शेळी न्दुंगेकडे दे आणि मिळेल त्या बसने इकडे निघून ये. खोली लहान आहे, पण आहे. दादा गेला, तुलाही तसं खड्ड्यातून काढायची वेळ मी येऊ देणार नाही. ये.

कियोको

*

म्वालोनी
१४ ऑगस्ट १९९६

कियोकोस आशीर्वाद.

तुझं पत्र उंबराखाली बसून पुन्हा वाचतेय. हात मातीचे आहेत, कागदाला डाग पडतील.

मी येत नाही.

पाहुणे येणार नाहीत हे कळलं त्या दिवशी न्दुंगे तिच्या सारवलेल्या खोलीत जाऊन बसली. बऱ्याच वेळाने माझ्याकडे आली, हातात फावडं. म्हणाली, “लाज माझी आहे. बोल, कुठून खणायचं?” मी म्हटलं, “पहिली टोपली मी टाकली होती, पहिली मीच काढीन.” आणि काढली. पहिल्या दिवशी आम्ही दोघी होतो. दुसऱ्या दिवशी वायुआ. तिच्या दिरांनी तिला नको म्हटलं, तिने त्यांना विचारलं, तुमची साखर कशात विरघळवू, थुंकीत? आज सतरा जणी आहेत. स्योकाऊ पाहुणीची गादी इथे आणवून तिच्यावर बसलीय आणि गाणं सांगतेय. चर कमरेपर्यंत गेला. फाटक आम्ही उपटून नदीकडे जाणाऱ्या वाटेवर आडवं टाकलंय, कुलपासकट.

दोन भरलेले ट्रक चराच्या आतल्या बाजूला अडकले. ड्रायव्हर काल दिवसभर हॉर्न वाजवत होते, आज नुसते बसून आहेत. त्यांच्या वाळूतलं पाणी गळून गळून थांबलं. त्यांना आम्ही मका-घेवडा दिला. भुकेलं माणूस आपल्या हद्दीत आहे, दुसरं काय करणार. तो मला आई म्हणणारा ड्रायव्हर जेवता जेवता म्हणाला, “आई, आता तरी घरी जा. उद्या मालक स्वतः येतोय, आणि एकटा येत नाही.” तो हे धमकी म्हणून बोलला नाही. म्हणून मला जास्त लागलं.

आज सकाळी दारात पुन्हा वाळू होती. या वेळी दोन राशी, शेजारी शेजारी. ती मी टोपलीत भरली आणि नेऊन चराच्या कडेला ओतली. वाळू आपलीच आहे.

आता नीट वाच. आजपासून मी नदीवर जात नाही. माझं पाणी वायुआ आणते. हे मी दुकानात सांगितलं, चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, ड्रायव्हरांना जेवण वाढताना सांगितलं, म्हणजे ते पोचेल. म्वेलू नदीवर जात नाही, पहाटे नाही आणि दुपारीही नाही. म्हणून तुला कोणी निरोप दिला की वहिनींवर कड कोसळली, तर तू रडायच्या आधी त्यांना एवढंच विचार की जी बाई नदीवर जात नव्हती ती कडेखाली गेली कशी. लोकांसमोर विचार. दादाच्या वेळी हे मी विचारायला हवं होतं, पण तेव्हा मला त्याला आंघोळ घालायची होती, केसांतली वाळू निघत नव्हती.

मारेनला लिहिता आलं तर लिही की तिची बाजू अजून मोकळी आहे. चर असतानाच ये म्हणावं, चालत.

आणि तू ये. तुला तिथे आता ऑफिस नाही. दादाची कुदळ मी ठेवली आहे, दांडा तुझ्या हाताला बसेल. बस उंबराच्या अलीकडेच थांबेल, पुढे रस्ता नाही. तिथून काट्यांतून यावं लागेल, फांद्या आम्ही परत रचल्यात. तू पाहुणा नाहीस, तुझ्यासाठी वाट झाडणार नाही. पायात काटा मोडला तर आल्यावर काढून देईन.

वहिनी म्वेलू